चहाच्या वेळी परतणारा लाव्हा

जयवंत पाष्ट्यांना जगातले साडेतीनशे ज्वालामुखी नावानिशी पाठ होते. कोणता कधी फुटला, किती उंच राख उडवली, सध्या कोण धुमसतोय आणि कोण नुसताच घोरतोय, हे त्यांनी जेवणाच्या पानावरून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. दुःख एवढंच की कुंडवली गावात हे त्यांना कुणी म्हणजे कुणी विचारत नसे. लोक भलतंच विचारायचे.

"काका, आमची शेळी खंय गेली ती जरा बघा ना तुमच्या पेटीत."

"ही पेटी शेळ्या शोधायची नाही!"

"नाय ओ, पण दिसते ना त्यात?"

दिसायची, हेच तर दुखणं होतं. दात खात जयवंतराव पडद्यावर बघायचे आणि "खालच्या वाडीत, शाळेमागच्या फणसाखाली," असं तुटक सांगायचे. शेळी तिथंच सापडायची. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा. कुणाची सून कितीला घराबाहेर पडली, कुणाच्या बांधावरून कोण चालत गेलं. पूर्वी असल्या गोष्टींसाठी लोक देवळात कौल लावायला जायचे. आता गुरवही वैतागला होता. "मी देवाकडं विचारतो तर लोक म्हणतात, थांब, आधी पाष्ट्याकडं बघून येतो," असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

त्याचं असं झालं होतं. जयवंतराव नोकरीत असताना टेलिफोनचे लाइनमन. सरकारनं गावोगाव काचेच्या तंतूची केबल पुरली तेव्हा कुंडवलीतला सहा किलोमीटरचा चर त्यांच्याच देखरेखीखाली खणला गेला. पुढं इंटरनेट थेट आकाशातून यायला लागलं आणि ती केबल जमिनीत तशीच मेल्यासारखी पडून राहिली. मग २०४०च्या आगेमागे लेझरच्या त्या पेट्या निघाल्या, फ्रिजच्या निम्म्या आकाराच्या. जयवंतरावांनी एक पेटी आणली आणि मेलेल्या केबलला जोडली.

काचेचा तंतू कितीही शुद्ध केला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक दोष राहतातच. एका टोकानं लेझरचा उजेड सोडला की तंतूभर पसरलेल्या त्या दोषांवर आपटून त्यातला कणभर कणभर उजेड माघारी येतो. जमीन जराशी थरथरली, तंतू केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका ताणला गेला, की माघारी येणाऱ्या उजेडाची लय बिघडते. बिघडलेला उजेड किती वेळानं परत आला, यावरून कितव्या मीटरवर जमीन हलली ते कळतं. म्हणजे सहा किलोमीटरची केबल हे जमिनीला लावून ठेवलेले सहा हजार कान. जगभरात अशा हजारो हौशी मंडळींनी आपापल्या गावची केबल कानाला लावली होती, आणि त्या सगळ्यांची मिळून एक जागतिक नोंदवही होती. नवा भूकंप, नवी हालचाल जो पहिल्यांदा किंवा सगळ्यांत स्वच्छ ऐकेल त्याचं नाव त्या नोंदीपुढं कायमचं लागायचं.

जयवंतरावांना ते नाव हवं होतं. पण नशीब कसं बघा. सगळा सह्याद्री म्हणजे गोठलेला लाव्हा. आपण भिंतीला लावतो तो दगड लाव्हा, देवळाची पायरी लाव्हा, पाट्यावरवंटासुद्धा लाव्हाच. फक्त थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झालेला. गावात कढत पाण्याचं एक कुंड होतं, त्याच्याकडं बघून उसासे टाकायचे, एवढीच सोय.

शिवाय भूकंप ऐकायचा तर गाव गप्प बसायला हवं. गाव कशाला गप्प बसतंय? म्हणून जयवंतरावांनी वजाबाकीची युक्ती काढली. प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडतं. कुणी टाच आपटतो, कुणी फरफटतो, म्हैस चार ठिकाणी दाबते. त्यांनी चारशे बारा माणसांची पावलं एकेक करून यंत्राला शिकवली आणि सांगितलं, ही ओळखीची पावलं दिसली की वजा कर. उरेल ती पृथ्वी.

सगळ्यात पहिलं पाऊल शिकवलं ते बायकोचं. तीन वर्षांपूर्वी सुगंधाबाईंना त्यांनी रस्त्यावरून बारा फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"अवो, पण कशाला?"

"तुला वजा करायला."

"लग्न झाल्यापासून तेच करताय की," असं म्हणून त्यांनी तेरावी फेरी मारली नव्हती.

केबलचं शेवटचं टोक स्वयंपाकघराच्या लादीखालून जयवंतरावांच्या खोलीत आलं होतं. तो चौदा मीटरचा पट्टा मात्र त्यांनी सरळ बंद करून टाकला होता. मिक्सर, भांडी, पाटावरची आपटाआपट. घरात काय ऐकायचंय?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, वजाबाकी करून पडद्यावर उरलेल्या कोऱ्या पट्टीवर एक ठिपका उमटला. दोन सेकंदांनी दुसरा. मग तिसरा. ठप्प. ठप्प. ठप्प. एकसारखे, एकाच ताकदीचे, आणि दर ठोक्याला हातभर पुढं सरकणारे. अंगणापासून निघून ते कुंडाच्या दिशेनं गेले, कुंडापाशी थांबले. अर्ध्या तासानं तसेच माघारी आले.

जयवंतरावांच्या अंगावर काटा आला. हा प्रकार त्यांनी वाचलेला होता. घट्ट, चिकट लाव्हा जमिनीखालच्या नळीतून वर चढताना अडकतो, जोर साठतो, सुटतो, पुन्हा अडकतो. प्रत्येक सुटण्याला एक बारीकसा भूकंप. ते इतके एकसारखे येतात की शास्त्रज्ञांनी त्यांची तुलना ढोलाच्या ठेक्याशी केली आहे. कुंडवलीखाली ढोल वाजत होता!

मंगळवारी पुन्हा वाजला. बुधवारी पुन्हा.

"अगो, ऐकलंस का!" ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडले. "कुंडाच्या खाली काहीतरी जागं झालंय!"

सुगंधाबाई ओट्याला टेकून चहा गाळत होत्या. "कुंडाचं मला नका सांगू. त्याचं पाणी हल्ली गार पडलंय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. पूर्वी पायाचं बोट बुडवलं तरी चटका बसायचा. आता खुशाल बसता येतं."

जयवंतरावांनी कपाळावर हात मारला. पाणी गार पडणं त्यांच्या सिद्धांतात अजिबात बसत नव्हतं. ते तडक थर्मामीटर घेऊन गेले आणि तडक परत आले. "एकसष्ट! गेली नऊ वर्षं एकसष्टच आहे! कशाला उगाच तोंडाला येईल ते बोलतेस? माझ्या नोंदीत घोळ होतो."

"बरं, नाही बोलत. येताना माझी चप्पल दिसली का वाटेत? हल्ली पायातून कधी निसटते कळतच नाही."

"नवी घे," म्हणून जयवंतराव पेटीसमोर जाऊन बसले.

पाच आठवड्यांची नोंद साठल्यावर त्यांनी ती जागतिक वहीत पाठवून दिली. तपासणीसाठी ती पुण्याच्या डॉ. गार्गी कोलते यांच्याकडं आली. बाई भूकंपशास्त्रातल्या जाणत्या, वयानं जयवंतरावांच्या लेकीएवढ्या, आणि बोलण्यात लिंबासारख्या. पडद्यावर दिसल्या दिसल्या त्यांनी विचारलं, "पाष्टेकाका, तुमचा मॅग्मा रविवारी सुट्टीवर असतो का?"

"असं काही नाही. म्हणजे… रविवारी वाजत नाही खरा. योगायोग."

"पाचही रविवार?"

जयवंतरावांनी कॅलेंडरवर नजर टाकली. रविवारी तीनला त्यांच्या लेकीचा पनवेलहून फोन येई आणि सुगंधाबाई तासभर बोलत बसत, एवढंच त्यांना रविवारबद्दल ठाऊक होतं.

"आणि हा तीनला तुमच्या अंगणातून निघतो," बाई पुढं म्हणाल्या.

"होय! माझ्या अंगणातून!" जयवंतरावांची छाती फुगली.

"आणि चारला, चहाच्या वेळेला, परत येतो."

"भरतीओहोटीचा परिणाम असेल."

"भरती रोज पाऊण तासाहून जास्त उशिरा येते, काका. तुमचा लाव्हा एसटीपेक्षा वेळेवर आहे."

"मग तुम्हीच सांगा काय आहे ते! माणूस नाही, म्हैस नाही, गाडी नाही. सगळं वजा केलंय मी!"

"म्हणूनच मला ते पटकन खोडता येत नाही," बाईंनी कबूल केलं. "सरळ रेषेतल्या केबलवरून खोली नीट काढता येत नाही. हे वरचं आहे की खालचं, कोण जाणे. शुक्रवारी मी स्वतः लाइव्ह बघते. सगळे पट्टे उघडे ठेवा. हे टोकाचे चौदा मीटर का बंद आहेत?"

"ते घर आहे."

"उघडा."

"घरात काय ऐकायचंय?"

"उघडा, काका."

आता एवढी गोष्ट खोलीच्या चार भिंतींत राहायला हवी होती. पण गावच्या सरपंच तन्वी गोताड यांच्या कानावर ती गेलीच. तन्वी पस्तिशीची, पायाला भिंगरी. ज्वालामुखी म्हटल्यावर दुसरी एखादी घाबरली असती. तन्वीनं दोन दिवसांत 'लाव्हा पॉइंट' अशी पाटी रंगवून घेतली.

"काका, आधी महोत्सव घेऊ. मग फुटू दे."

"अगो बाय, फुटायचा मुहूर्त काढतात का?"

"तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकतो ना तो."

बुधवारी तिनं कुंडाभोवती दोरी ताणली, लाल फडकी बांधली आणि पाहणी होईपर्यंत कुंडाकडं जायला सगळ्यांना बंदी केली. ते कळल्यावर सुगंधाबाईंनी हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरातच ठेवलं. "कुणाचं काय बिघडवलं होतं त्या कुंडानं?" एवढंच बोलल्या. जयवंतरावांनी कानाला हेडफोन लावलेले होते.

त्या दुपारी ढोल वाजला नाही.

गुरुवारीही नाही. जयवंतरावांनी पेटी बंद केली, चालू केली, तारा पुसल्या, पेटीला दोन शिव्या हासडल्या. सत्तर वर्षांच्या आयुष्यात एक ज्वालामुखी मिळाला होता, तोही दोरी बांधल्याबरोबर रुसला. शुक्रवारी बाईंना काय दाखवायचं? उद्यापासून गावातला प्रत्येक माणूस शेळी विचारायला येणार, आणि हसत हसत विचारणार.

शुक्रवारी दुपारी पडद्यावर डॉ. कोलते आणि शेजारच्या खुर्चीत झेंडूचा हार घेऊन तन्वी. हार बाईंना पडद्यावरून कसा घालायचा हे तिनं ठरवलेलं नव्हतं. जयवंतरावांनी सगळे पट्टे उघडले. तीन वाजले. सव्वातीन. साडेतीन. पट्टी कोरी करकरीत.

"आज शुक्रवार," तन्वी दिलासा द्यायला म्हणाली. "उपास असेल त्याचा."

"तू गप्प बस!"

पावणेचारला पट्टीवर ठिपका उमटला.

ठप्प.

"आला!" तन्वी किंचाळली.

दोन सेकंद. ठप्प. तोच. तसाच. जयवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा बाई! बघा! हाच तो!"

"दिसतोय," डॉ. कोलते पुढं वाकल्या. "पण काका, हा कुंडाकडं नाहीये. हा टोकाच्या पट्ट्यात आहे. तुमच्यापासून अकरा मीटरवर."

ठप्प.

"साडेदहा."

ठप्प.

"दहा. तुमच्याकडेच येतोय तो."

तन्वीनं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. जयवंतराव मात्र जागचे हलले नाहीत. साडेतीनशे ज्वालामुखी पाठ केलेला माणूस तो; आपल्या खोलीत लाव्हा येणार असेल तर त्याचं स्वागत करायला हवं, इतपत त्यांची तयारी होती. पाच मीटर. तीन. दाराचा पडदा हलला.

सुगंधाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. ठप्प. टेबलाशी थांबल्या. पट्टीवरचे ठिपके थांबले.

"असे काय बघताय सगळे? साखर कमी घातलीय, तन्वी. तुला चालेल ना?"

पडद्यातून डॉ. कोलत्यांचा आवाज आला, एकदम वेगळा, लिंबाची फोड काढून टाकल्यासारखा. "काकी, जरा पुन्हा आत जाऊन बाहेर येता?"

"चहा गार होईल."

"होऊ द्या."

त्या गेल्या. ठप्प. ठप्प. ठप्प. आल्या. ठप्प. ठप्प. ठप्प.

जयवंतरावांनी पट्टीकडं बघितलं, मग बायकोच्या पायांकडं. दोन पावलं पडत होती आणि पट्टीवर एकच उमटत होतं. डावं पाऊल तीन वर्षांपूर्वी शिकवलेलं, ओळखीचं. ते यंत्रानं इमानदारीनं पुसून टाकलं होतं. उजवं पाऊल यंत्राला ओळखू येत नव्हतं. ते उचललं जात नव्हतं, ओढून आणून टाकलं जात होतं. अर्धी बायको वजा झाली होती आणि अर्धी उरली होती. त्या उरलेल्या अर्धीला ते पाच आठवडे ज्वालामुखी म्हणत होते.

"कुठं जायचीस तू दुपारी?"

"कुठं नाही."

"सुगंधा."

"कुंडावर," त्या तन्वीकडं न बघता म्हणाल्या. "मागल्या दारानं अंगणात उतरून. पाय जड झालाय जरा. शेकून बरं वाटेल म्हटलं. तेवढ्यासाठी कशाला सगळ्यांना सांगायचं? लेक लगेच पनवेलला उचलून नेईल. मग तुमच्या पेटीजवळ चहा कोण आणणार?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेली दिसत होती. सुगंधाबाईंना तिचा पत्ताच नव्हता. पावलाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली. जयवंतराव गुडघ्यांवर बसले. गुडघे मोडल्यासारखे वाजले, पट्टीवर त्याचाही ठिपका उमटला. त्यांनी चिंधी सोडली. टाचेपासून घोट्यापर्यंत कातडी सुटलेली, फोड फुटून ओले झालेले.

त्यांनी बोटानं हलकेच दाबलं. "दुखतं?"

"कुठं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

जयवंतरावांनी बोट काढून घेतलं. कुंडाचं पाणी नऊ वर्षं एकसष्ट होतं. थर्मामीटर बरोबर होता आणि बायकोही खोटं बोलली नव्हती. ती जे सांगत होती ते त्यांनी कुंडाबद्दल आहे असं समजून तपासून बघितलं होतं.

"पाणी गार नव्हतं पडलं, सुगंधा."

"मग?"

त्यांनी सोडलेली चिंधी घडी करून टाचेखाली ठेवली.

"काका, मी दगडांची डॉक्टर आहे," पडद्यातून आवाज आला, "पण हा पाय आजच्या आज दाखवा. उद्यावर टाकू नका."

तन्वीनं हार टेबलावर टाकला आणि जीप काढायला धावली. सुगंधाबाई दारापर्यंत वाद घालत होत्या. साडी बदलायची होती, गॅस बंद केलाय का ते बघायचं होतं, तन्वीनं चहा घेतलाच नव्हता. जीपमध्ये बसताना तन्वीनं जयवंतरावांना बाजूला घेतलं. "काका, एक सांगू? ती नोंद आठवडाभर मागे घेऊ नका. पाट्या रंगवून झाल्यात. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय!" जयवंतराव इतके मोठ्यानं ओरडले की सहा किलोमीटरचे कान हादरले असतील.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर, आत ड्रेसिंग चालू असताना, त्यांनी फोनवर जागतिक वही उघडली. नोंद मागे घ्यायची तर कारण लिहावं लागे. आतून सुगंधाबाईंचा आवाज आला, "माझं नाव घालाल त्यात तर बघा!" डॉक्टर त्यांची साखर किती वाढली आहे ते सांगत होता आणि त्या तिकडं दुर्लक्ष करून बाकावर लक्ष ठेवून होत्या. जयवंतरावांनी लिहिलं: "उगम सापडला. खोली शून्य. चूक ऐकणाऱ्याची." आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं.

जखम भरायला तीन महिने लागले. नसांमधली जाण थोडी परत येईल, सगळी येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. पायात खास बूट आला. सुगंधाबाई त्याला 'तुमचा रणगाडा' म्हणत. तो रोज घालण्यापूर्वी पाऊल उलटं करून बघण्याचं काम जयवंतरावांकडं आलं, आणि ते काम ते थर्मामीटरइतक्याच गांभीर्यानं करत. घरच्या वहीत कुंडाच्या तापमानाच्या रकान्याशेजारी आता टाचेचा रकाना होता. घरचा पट्टा उघडाच राहिला. चारशे बारा पावलांच्या यादीतून त्यांनी एक काढून टाकलं, ते पहिलंच. वजाबाकी आता चारशे अकरांची.

मग जुलैतल्या एका दुपारी, ध्यानीमनी नसताना, सहाच्या सहा हजार कानांनी एकदम मान वर केली. अंदमानकडच्या ज्वालामुखी बेटाखाली मोठा धक्का बसला होता. दोन हजारांवर किलोमीटर समुद्राखालून, खडकाखालून लाट आली आणि कुंडवलीतून शांतपणे निघून गेली. अख्ख्या किनाऱ्यावर एवढी स्वच्छ नोंद दुसऱ्या कुणाकडं नव्हती. डॉ. कोलत्यांचा फोन दहा मिनिटांत आला.

"काका, अप्रतिम! वहीत तुमचं नाव लावते. फक्त टोकाला मधेच ही ठकठक आहे ना, तेवढी वजा करून पाठवा."

"ती नाही वजा होत."

"अहो, एक बटण दाबायचं."

"होत नाही म्हणून सांगितलं ना! आहे तशी लावायची तर लावा, नाहीतर राहू द्या."

"लावते," बाई म्हणाल्या.

सुगंधाबाई मागं उभ्या होत्या. पडद्यावरच्या त्या भव्य लाटेत मधोमध उमटलेले आपले ठिपके त्यांनी चष्मा सावरून बघितले. आता ते दोन दोन होते, एक हलका, एक रणगाड्याचा.

"अवो, मला कशाला त्या अंदमानात नेऊन ठेवलंत? जगभर लोक बघतील."

"ऐन वेळी तूच चहा घेऊन आलीस."

"मग नको होता का?"

जयवंतरावांनी वैतागून बशीत चहा ओतला. "हवा होता," म्हणाले. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "काका, शेळी…"

"शाळेमागच्या फणसाखाली!" दोघंही एकदमच ओरडले.